खेळात हुशार, पण कुणापेक्षा?

२०२४ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट सांगते. सकाळची वेळ, तव्यावर थालीपीठ, आणि माझा नातू हातात फोन घेऊन नाचत नाचत स्वयंपाकघरात आला. "आजी, माझं रेटिंग तीनशेनं वाढलं!" नातू अकरा वर्षांचा. बुद्धिबळाच्या क्लासला जातो, सुट्टीत स्पर्धा खेळतो. त्याचा आकडा होता १२५०. आता फोनवर चक्क १५५० दिसत होता. मी म्हटलं, "अरे वा! कुणाला हरवून आलास?" तर म्हणतो कसा, "कुणालाच नाही. मी तर झोपलो होतो."

झोपेत तीनशे गुण! तुम्ही हसाल, पण खरंच तसं झालं होतं. जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, जिला 'फिडे' म्हणतात, १ मार्च २०२४ पासून २००० च्या खालच्या सगळ्या खेळाडूंचे आकडे एकदाच वाढवून दिले. २००० ला जेवढे कमी पडतात त्याचे शंभरातले चाळीस, असा हिशेब. म्हणजे १००० वाल्याला चारशे, १५०० वाल्याला दोनशे, आणि आमच्या बाळराजांना तीनशे.

त्याची आई, म्हणजे माझी सून, डबा भरता भरता म्हणाली, "तुझ्या क्लासमधल्या सगळ्यांचेच वाढले असतील ना? मग त्यात काय एवढं?" झालं, पोराचा चेहरा एवढासा झाला. थोडा वेळ ओट्याला टेकून उभा राहिला आणि मग मला म्हणाला, "आजी, मग मला बुद्धिबळ येतं की नाही?"

थालीपीठ करपलं ते करपलंच, पण मला उत्तरही देता आलं नाही. कारण हाच प्रश्न पस्तीस वर्षांपूर्वी मी स्वतःला विचारला होता. फक्त तो बुद्धिबळाचा नव्हता, कॅरमचा होता.

कॉलनीतली चँपियन

लग्न होऊन मी १९८३ साली कराडला आले. आमची कॉलनी साठ-सत्तर बिऱ्हाडांची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळ दर वर्षी स्पर्धा घ्यायचं. रांगोळी, उखाणे, पाककृती, संगीत खुर्ची आणि कॅरम. त्यातला कॅरमचा पहिला नंबर १९८४ पासून ओळीनं पाच वर्षं माझा. स्टीलचे डबे काय, पातेली काय, एकदा तर इडलीपात्र. माझी अर्धी मांडणी बक्षिसांनी भरली होती. दारावरून जाताना बायका म्हणायच्या, "यांच्याशी कोण खेळणार बाई, पातेलं ह्यांचंच!" खोटं कशाला सांगू, ऐकायला गोड वाटायचं.

मग १९८९ साली साताऱ्याला जिल्ह्याची स्पर्धा होती. आमच्या ह्यांनी स्वतः रजा काढून मला नेलं. पहिल्याच फेरीत कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीनं मला २५-४ असं उडवलं. बरं, ती तरी पुढे जावी? ती दुसऱ्या फेरीत हरून माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्याच डब्यातला चिवडा खाल्ला! येताना एस. टी.त हे काहीतरी बोलत होते, माझं लक्ष नव्हतं. मनात एकच घोळत होतं. मला कॅरम येत होतं की नव्हतं? की ती पाच वर्षांची पातेली म्हणजे नुसती वासरांत लंगडी गाय शहाणी?

भगिनींनो, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. आपल्या भाकरीचंच बघा. भाकरी फुगली की फुगली. शेजारणीची फुगली नाही म्हणून आपली जास्त फुगत नाही, आणि तिची टम्म झाली म्हणून आपली बसत नाही. पण जिंकण्या-हरण्याच्या खेळात समोर दुसरं माणूस बसलेलं असतं, आणि आपली भाकरी फुगू द्यायची नाही हेच त्याचं काम असतं. मग आपलं कसब मोजायचं तरी कशानं? ती समोरची कशी आहे यावरच सगळं अवलंबून नाही का?

भिशीचा हिशेब

आता आधी ते रेटिंग म्हणजे काय ते बघू. नातवाचे क्लासचे सर एकदा घरी आले होते, त्यांना बसवून ठेवून मी ते समजून घेतलं.

अर्पाद एलो नावाचे गृहस्थ. जन्मानं हंगेरीचे, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आणि स्वतः चांगले बुद्धिबळपटू. त्यांनी ही मोजणीची पद्धत बसवली. अमेरिकेत ती १९६० मध्ये लागू झाली आणि १९७० मध्ये फिडेनं जगासाठी घेतली. गंमत अशी, की १५५० या आकड्याला स्वतःचा असा काही अर्थच नाही. अर्थ असतो तो दोन आकड्यांमधल्या अंतराला. दोघांमध्ये दोनशेचं अंतर असेल, तर वरच्यानं शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा. चारशेचं असेल, तर साधारण ९१. (बरोबरी झाली तर अर्धा अर्धा गुण.) अपेक्षेपेक्षा चांगले खेळलात तर आकडा चढतो, वाईट खेळलात तर उतरतो. बस्स, एवढंच. उद्या जगातल्या यच्चयावत खेळाडूंना हळदीकुंकवाच्या वाणासारखे तीनशे-तीनशे गुण वाटून टाकले, तरी कोण कुणाला किती वेळा हरवणार यात काडीचा फरक पडणार नाही.

आणि गुण येतात कुठून? जिंकणाऱ्याला जितके मिळतात, साधारण तितकेच हरणाऱ्याचे जातात. आपल्या भिशीसारखं. दहा जणींची पाचशे रुपयांची भिशी असली की ह्या महिन्यात पाच हजार हिच्याकडे, पुढच्या महिन्यात तिच्याकडे. पैसा फिरतो, वाढत मात्र नाही. तसंच दहा जणी वर्षानुवर्षं आपापसातच खेळत राहिल्या आणि दहाही जणी सुधारल्या, तरी आकडे जिथल्या तिथे. सगळ्यांची उंची सारखीच वाढली तर फोटोत कुणीच उंच दिसत नाही, तसं. बाहेरची कुणी भिडूला येईपर्यंत कळतच नाही.

हे सगळं मी सरांना बोलून दाखवलं, तेव्हा त्यांनी मला एक खरी घडलेली हकिगत सांगितली. ती ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

शंभर गुणांचं वाण

बुद्धिबळात असं वाण एकदा खरोखरच वाटलं गेलं, आणि तेही बायकांना. जगभरच्या बहुतेक स्त्री-खेळाडू बायकांच्याच स्पर्धांत खेळायच्या. पुरुषांशी गाठ क्वचित. आकडेवारी तपासल्यावर फिडेला दिसलं, की पुरुषांच्या मानानं बायकांचे आकडे कमी धरले गेले आहेत. त्यांचा खेळ आकड्यापेक्षा चांगला आहे. आपल्या भिशीचीच गत! मग जानेवारी १९८७ पासून सगळ्या खेळत्या स्त्रियांना शंभर-शंभर गुण वाढवून मिळाले.

सगळ्यांना, पण एक सोडून. हंगेरीची सुसान पोल्गार, तेव्हा सतरा वर्षांची. तिला एकही गुण नाही. का? तर ती आधीपासूनच मुख्यतः पुरुषांच्या स्पर्धांत खेळत आली होती, तेव्हा तिचा आकडा खरा आहे, तो वाढवायचं कारण नाही. ती तोवर बायकांच्या यादीत सर्वांत वर होती. वाण वाटल्यावर जॉर्जियाची माया चिबुर्दानिद्झे, जी तेव्हाची जगज्जेती, ती वर गेली आणि सुसान खाली आली. एकही डाव न हरता!

त्यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. मला विचाराल तर हिशेब म्हणून कदाचित तो बरोबरही असेल. पण त्या पोरीच्या जिवाला काय वाटलं असेल? घरच्या बायकांत बसून खेळ म्हटलं असतं तर शंभर गुण पदरात पडले असते. बाहेर पुरुषांत जाऊन मार खात खात शिकली, म्हणून वाण नाही. सुसान पुढे १९९१ मध्ये ग्रँडमास्टर झाली आणि १९९६ मध्ये महिला जगज्जेती, हेही सांगायला हवं. तिची धाकटी बहीण ज्युडिट तर पुरुष-स्त्री सगळे धरून जगातल्या पहिल्या दहांत जाऊन बसली.

तीन बहिणी म्हटल्यावर आपल्याला आपल्याकडच्या तीन बहिणी आठवतातच. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ मध्ये बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीनं जिंकली, आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं ते विजेतेपद त्या एका घरातून बाहेर गेलं नाही. जयश्री १९७९ मध्ये भारतातली पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली. रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. पण मला त्यातली १९७६ ची गोष्ट मोठी वाटते. तेरा वर्षांची रोहिणी त्या वर्षी महिलांची राष्ट्रीय विजेती झालीच, शिवाय ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही खेळायला बसली. त्यावर गदारोळ झाला. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष, हॉलंडचे माक्स युवे, हे स्वतः एके काळचे जगज्जेते, त्यांनी निर्वाळा दिला, की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बाई आहे म्हणून कुणाला अडवता येणार नाही.

आता बघा हं. तेरा वर्षांची मुलगी फार तर काय करणार होती? चार डाव जिंकली असती, चार हरली असती. मग एवढी हरकत कशाला? मला वाटतं, कुणासमोर बसायचं हे ठरवलं की आकडा कुठवर चढायचा हेही आपोआप ठरतं. आपण बायका म्हणतो, "मला बाई यातलं काही येत नाही." तो निकाल पुष्कळदा आपल्या कसबाचा नसतोच. तो आपल्याला कुणाबरोबर बसू दिलं याचा असतो. आणि "माझ्यासारखं कुणाला येत नाही" हाही तसाच, हे मी स्वतःच्या इडलीपात्राला स्मरून सांगते.

घड्याळाला शेजारीण नसते

तर मग सगळं तुलनेतच आलं का? स्वतःचं असं काहीच नाही?

धावण्याच्या शर्यतीत निदान घड्याळ असतं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत आपली पी. टी. उषा चौथी आली. ब्राँझपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं. त्या दिवशी आपल्या घराघरांतून हळहळ झाली. नंबर म्हणाल तर चौथा, हात रिकामे. पण तिची वेळ होती ५५.४२ सेकंद. ती वेळ भारतातल्या कुठल्याही मुलीला पुढे एकोणचाळीस वर्षं गाठता आली नाही. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत विथ्या रामराजनं ती गाठली, आणि तीही बरोबर ५५.४२ च! म्हणजे उषाला चौथी ठरवणाऱ्या तिघी पुढे होत्या म्हणून तिच्या पायातला वेग काही कमी नव्हता. घड्याळाला शेजारीपाजारी कोण हे कळत नाही.

पण कॅरमला कुठलं आलंय घड्याळ, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते, सासूबाईंचं कॅलेंडर हाती लागेपर्यंत.

आमच्या सासूबाई मितभाषी. मंडळाच्या स्पर्धेत कधी उतरल्या नाहीत. "माझं काय वय आहे का पोरींत बसायचं," म्हणायच्या. पण दुपारी घर निवांत झालं, की पितळेच्या डबीतली बोरिक पावडर बोर्डवर भुरभुरायची, पांढऱ्या पातळाच्या धडप्यानं बोर्ड पुसायचा आणि एकट्या खेळत बसायचं. (जाता जाता सांगते, टाल्कम पावडर बोर्डवर टाकू नका. बोर्ड चिकट होतो आणि स्ट्रायकर अडतो. आणि पावसाळ्यात बोर्ड भिंतीला उभा टेकवून ठेवू नका, त्याला बाक येतो.) मला वाटायचं, वेळ जात नाही म्हणून खेळतात. साताऱ्याहून हात हलवत परतले त्याच आठवड्यात मी जुनी कॅलेंडरं रद्दीत काढायला घेतली, तर पाठीमागच्या कोऱ्या बाजूला आकड्यांच्या रांगा. ४१, ४४, ३८, ३९... मी विचारलं, "आई, हा दूधवाल्याचा हिशेब का?"

त्या चक्क लाजल्या. मग सांगितलं. मध्ये नेहमीसारखी मांडणी करायची. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी, सगळ्या एकोणीस. फोडायचं, आणि बोर्ड पूर्ण रिकामा होईपर्यंत एकूण किती वेळा स्ट्रायकर मारावा लागला ते मोजायचं. स्ट्रायकर भोकात गेला, की घातलेली एक सोंगटी परत बाहेर काढायची. जितका आकडा कमी तितका खेळ चांगला. १९८१ च्या कॅलेंडरवर साठाच्या पुढचे आकडे होते. १९८९ च्या कॅलेंडरवर अठ्ठावीस, सव्वीस, एकोणतीस. आठ वर्षं ही बाई कुणालाही न हरवता सुधारत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता! मी त्याच दुपारी मोजून बघितलं. पाच वर्षांच्या चँपियनचा आकडा आला पंचेचाळीस.

मी म्हटलं, "आई, तुम्ही माझ्याशी खेळा." नाही-होय करता करता बसल्या. आणि काय सांगू, मी त्यांना सहज हरवलं. एकदा नाही, ओळीनं सहा वेळा.

मी चाटच पडले. त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सरस. कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी सोंगटी त्या डोळे मिटून घालतील. पण समोर कुणी बसलेलं आहे, हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. जी सोंगटी सोपी ती घालायच्या आणि माझ्या चार सोंगट्या मोकळ्या करून ठेवायच्या. मी मात्र भोकाच्या तोंडाशी माझी पांढरी अडकवून ठेवायची, राणी कधी घ्यायची आणि कधी तशीच राहू द्यायची ते बघायची, त्यांना वाकडा कोन येईल असा बोर्ड सोडायची. हे शहाणपण मला त्या कॉलनीच्या बायकांनीच शिकवलं होतं. सासूबाई हसून म्हणाल्या, "अगं, हात माझा चांगला, पण लबाडी तुझी चांगली."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एकट्यानं बोर्ड मांडला. आकडा आला सव्वीस. आदल्या दिवशी सहा डाव हरल्या होत्या त्याची त्या सव्विसाला गंधवार्ता नव्हती.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही दोघी जवळजवळ रोज दुपारी खेळलो. जिंकण्या-हरण्याचा हिशेब मी वहीत ठेवला होता. सुरुवातीचे दोन-तीन महिने सोडले, तर निम्मे डाव त्यांचे, निम्मे माझे. नुसती ती वही बघणारा म्हणेल, दोघी दोन वर्षं जिथल्या तिथे! पण कॅलेंडरच्या पाठीवर माझा आकडा पंचेचाळीसवरून बत्तीसवर आला होता. आणि सासूबाई अशा काही सोंगट्या अडवायला लागल्या होत्या, की मला दोन-दोन बोर्ड हात लावायला मिळायचा नाही. आमची ही दोघींचीच भिशी होती. त्यात पैसा वाढला नाही, पण दोघी श्रीमंत झालो.

मेलेल्या आणि जिवंतांची परीक्षा

कॅरमला कॅलेंडर, तसं बुद्धिबळाला आता संगणक आहे. १९९७ मध्ये 'डीप ब्लू' नावाच्या यंत्रानं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, तेव्हापासून यंत्रं माणसाच्या फार पुढे गेली आहेत. कुणी खेळलेली चाल यंत्रानं सुचवलेल्या उत्तम चालीपासून किती दूर आहे, हे मोजता येतं. २००६ मध्ये स्लोव्हेनियातल्या गिद आणि ब्रात्को या दोघा संशोधकांनी आजवरच्या जगज्जेत्यांचे डाव असे तपासले. सर्वांत कमी चुका निघाल्या त्या क्युबाच्या कापाब्लांकाच्या, जो १९२१ ते १९२७ जगज्जेता होता. अर्थात तो डाव साधे सरळ ठेवायचा, म्हणून चुकाही कमी, हेही त्या तपासणीत आलंच. कठीण पदार्थ केलाच नाही तर बिघडणार काय! पण मुद्दा असा, की जे कधी समोरासमोर बसणं शक्यच नाही त्यांचाही खेळ त्यांच्या त्यांच्या चालींवरून तपासता येतो.

आणि काही काही गोष्टी तर येतात किंवा येत नाहीत, मधलं काही नाही. समोर एकटा राजा उरला आहे आणि आपल्याकडे राजा, एक उंट आणि एक घोडा आहे. एवढ्यावर मात करता येते. समोरच्यानं कितीही पळापळ केली तरी जास्तीत जास्त ३३ चालींत. हे पक्कं ठरलेलं आहे, त्यात कुणाचं मत नाही. पण करायला अवघड. आणि पन्नास चालींत जमलं नाही तर डाव बरोबरीत. २०१३ मध्ये जिनिव्हाच्या स्पर्धेत युक्रेनची ॲना उशेनिना ह्या स्थितीत आली, आणि तिला ते जमलं नाही. त्या वेळी ती महिला जगज्जेती होती! जगातल्या सगळ्या बायकांत पहिली, आणि जे पुस्तक पुढ्यात घेऊन चार दुपारी बसलं तर तुम्हा-आम्हालाही येईल, ते तिच्या हातून सुटलं. तिला कमी लेखायला सांगत नाही, जगज्जेती काही कुणी फुकट होत नाही. पण नंबर निराळा आणि एखादी गोष्ट येणं निराळं.

ह्याउलट २०२५ ची आपली आनंदाची गोष्ट. २८ जुलैला जॉर्जियातल्या बाटुमी गावी महिला विश्वचषकाचा निकाल लागला. एका बाजूला नागपूरची दिव्या देशमुख, एकोणीस वर्षांची, दुसऱ्या बाजूला आंध्रची कोनेरू हम्पी, अडतीस वर्षांची, एका मुलीची आई. दोघी आपल्याच. चार डावांपैकी तीन बरोबरीत सुटले, शेवटच्या जलद डावात वेळेच्या कचाट्यात हम्पीच्या हातून चुका झाल्या आणि दिव्या जिंकली. त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. महाराष्ट्रात पेढे वाटले. मीही वाटले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला हम्पीचाच विचार येत होता. पंधराव्या वर्षी, २००२ मध्ये ती ग्रँडमास्टर झालेली. मग संसार, २०१७ मध्ये मुलगी झाली, दोन वर्षं स्पर्धांपासून दूर. त्या दोन वर्षांत तिचा आकडा तसाच्या तसा उभा. खेळलं नाही तर तो हलतच नाही, बाळंतिणीच्या जागरणांची त्याला खबर कुठली! परत आली आणि २०१९ मध्ये मॉस्कोला जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली. २०२४ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा. अशा बाईला एका दुपारी दोन-तीन चाली चुकल्या म्हणून खेळ येईनासा झाला का? नाही ना? मग आपण आपल्यालाच ते इतकं पटकन का म्हणून टाकतो?

नातवाच्या प्रश्नाचं मी शेवटी काय केलं ते सांगते. त्या तीनशे गुणांवर काही बोलले नाही. संध्याकाळी त्याच्यासमोर पट मांडला, राजा, उंट, घोडा मला दिले, एकटा राजा त्याला दिला आणि म्हटलं, "पळ." मला जमलं नाही. मग उलट केलं. त्यालाही जमलं नाही. पंधरा दिवस दोघं मिळून त्या उंटा-घोड्याच्या मागे लागलो होतो. त्याला सत्राव्या दिवशी जमलं, बेचाळीस चालींत. मला अजून नाही.

तुमच्या घरी माळ्यावर कॅरम बोर्ड असेल तर उतरवा. कोरड्या फडक्यानं पुसा, बोरिक पावडर लावा, एकोणीस सोंगट्या मांडा आणि मोजा. पहिल्या दिवशी सत्तरच्या पुढे गेलात तरी कॅलेंडरच्या पाठीमागे तारीख घालून तो आकडा लिहून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी समोर बसवा. जाऊ, नणंद, शेजारच्या काकू, किंवा चक्क नवरा. सासूबाईंची शेवटची नोंद २००३ च्या नोव्हेंबरमधली आहे, चोवीस. ते कॅलेंडर मी रद्दीत दिलेलं नाही. माझा परवाचा आकडा चौतीस आला.